नऊ बेचाळीस ते अकरा दहा

तालुका विधी सेवा समितीच्या यादीत माझं नाव आहे. महिन्यातले काही दिवस रिमांडची पाळी असते. त्या दिवशी पोलीस ज्याला कोर्टात आणतील आणि ज्याच्याजवळ वकील नसेल, तो माझा अशील. कर्नाटकातल्या आमच्या खानापूरच्या कोर्टात बऱ्याचदा अशी माणसं व्हरांड्यातच भेटतात, हवालदाराच्या शेजारी बाकावर बसलेली. आत पुकारा होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं मिळतात. सगळी वकिली तेवढ्यात करायची.

फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी बाकावर तेवीस वर्षांचा एक पोरगा होता. छोटा हत्ती चालवतो, मालकाच्या गाडीवर रोजानं. खानापुरातून विटा भरायच्या, बेळगावात टाकायच्या, रिकामी गाडी घेऊन परत. रविवारी परतताना एका दोस्ताच्या हळदीला थांबला आणि तिथून निघाल्यावर दारू पिऊन गाडी चालवताना नाकाबंदीत सापडला. कुणाला धडकला नव्हता, गाडीवर साधा ओरखडा नव्हता. पण रात्र ठाण्यात गेली होती. (ठाणं कुठलं ते लिहीत नाही.)

त्याचा बाप समोरच्या खांबाला टेकून उभा होता. मी कोण ते सांगितल्यावर तो हात जोडून म्हणाला, "बाई, आम्हाला फुकटातला वकील नको ओ. पैसे देतो, चांगला वकील द्या."

हे मी दर पाळीला ऐकते. अटकेत असलेल्या कुणालाही, त्याची मिळकत कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. 1987 च्या विधी सेवा कायद्याचं बारावं कलम तेच सांगतं. 15100 या नंबरवर फोन केला तरी चौकशी करता येते. पण आपल्याकडे फुकट म्हणजे निकामी हे इतकं पक्कं बसलंय की माणूस आधी कर्ज काढतो आणि मग आमच्याकडे येतो. याच्या बापानंही तेच केलं होतं. रात्री साडेअकराला ठाण्याच्या दारात एक एजंट भेटला. "कोर्टात जायलाच नको, इथंच मिटवतो, गाडीपण सोडवतो," म्हणून बारा हजार घेऊन गेला. सकाळपासून फोन बंद.

"मी मोजून दिलो ओ त्याला. वीट-भट्टीच्या शेठकडनं उचल घेऊन दिलो."

माझा संताप झाला तो इथं. दारू पिऊन गाडी चालवल्याचा दंड रस्त्यावर किंवा ठाण्यात भरून मिटवताच येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 चा गुन्हा तडजोडीत बसत नाही, तो कोर्टापुढेच जातो. शिवाय गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क. एवढी दोन वाक्यं त्या रात्री कुणीतरी मराठीत बोललं असतं तर बारा हजार वाचले असते. बाप ठाण्यात गेला तेव्हा त्याला 'सकाळी बघू' एवढंच ऐकायला मिळालं होतं. ही एजंटांची जमात आमच्या कोर्टांच्या आणि ठाण्यांच्या दारात राजरोस वावरते, सगळ्यांना तोंडओळखीची आहे, आणि त्यांना कुणी हटकत नाही. आम्ही वकीलही हटकत नाही.

मी कागद मागून घेतले. श्वासातली दारू मोजणाऱ्या यंत्राची चिठ्ठी मी नेहमी सगळ्यात आधी बघते आणि आधी तिची झेरॉक्स काढते, कारण तो कागद बसच्या तिकिटासारखा असतो, खटला उभा राहीपर्यंत अक्षरं पांढरी पडतात. नवीन वकील फक्त आकडा बघतात. आकड्याच्या वर काय आहे ते बघायचं असतं. यंत्राचा क्रमांक, शेवटचं कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र बरोबर मोजतं का याची तपासणी, कधी झालं ती तारीख, फुंकण्याआधीची कोरी चाचणी शून्य आली होती का, आणि वेळ. या चिठ्ठीवर कॅलिब्रेशन चालू मुदतीतलं होतं, कोरी चाचणी शून्य होती. आकडा 118. शंभर मिलिलिटर रक्तामागे 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा होतो, हे जवळजवळ चौपट. वेळ 21:42.

मग दस्तगिरीचा कागद. इथले पोलीस अटकेला दस्तगिरी म्हणतात. सगळा कन्नड हस्ताक्षरात, आणि खाली पोराची सही देवनागरीत, शाळेत गिरवल्यासारखी. अटकेची वेळ लिहिली होती रात्री 11:10. सरकारी दवाखान्यातल्या तपासणीचा दाखला 12:35 चा.

मी तिन्ही कागद मांडीवर ओळीनं ठेवले. त्याच कायद्याचं कलम 202 म्हणतं की 185 खाली अटक केलेल्याची डॉक्टरी तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत व्हायला हवी, नाहीतर त्याला सोडून द्यायचं. 11:10 ते 12:35 म्हणजे दोन तासांच्या आत. पण पोरगा 21:42 पासून त्यांच्याच ताब्यात होता. यंत्र आपली वेळ स्वतः छापतं, माणूस हातानं लिहितो. मधल्या जवळजवळ दीड तासात तो पोरगा कोण होता? अटकेत नाही आणि मोकळाही नाही. 21:42 पासून मोजलं तर तपासणीला तीन तासांना सात मिनिटं कमी लागली होती.

"इथं सही करताना काय लिहिलंय ते सांगितले काय तुला?"

"नाही ओ मॅडम. कन्नड वाचायला येत नाही. दंडाचा कागद हाय म्हणाले. मी सही केलो."

2025 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. तेही प्रकरण गाडीचंच होतं, पण त्यात गाडीखाली बाई मेली होती. तो निकाल वाचताना मला पहिल्यांदा आपला सीमाभाग आठवला. इथं राज्याची भाषा एक आणि घरातली दुसरी असलेली गावंच्या गावं आहेत. कन्नडवर माझा राग नाही, मी रोज कन्नडमध्येच युक्तिवाद करते. पण ज्या कागदावर माणसाची रात्र ठरते तो त्याला वाचून तरी दाखवायला हवा. ठाण्यातल्या निम्म्या माणसांना चांगलं मराठी येतं. बाजारात ते मराठीतच भाजी घेतात.

पोराला मी दोन्ही वाटा सांगितल्या. गुन्हा नाकबूल केलास तर आत्ता जामीन होईल, मग तारखा पडतील. यंत्र, वेळ, सही, सगळं मी उलटतपासणीत काढेन. पण हे मुद्दे मुख्यतः तुला ताब्यात ठेवण्याबद्दलचे आहेत, तू पिला होतास की नाही याबद्दलचे नाहीत. सुटशील असं वचन देत नाही. कबूल केलास तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्या वेळेला इथं बहुतेक दंडावर भागतं. पण शिक्षा नावावर राहील, लायसन्स आरटीओकडे जाईल, आणि पुन्हा सापडलास तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही, इथपर्यंत गोष्ट जाते.

तो बापाकडे बघायचं टाळत हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मी पिलो होतो. खोटं कशाला बोलू?"

शेजारी उभे असलेले माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "कबूल करतोय ना, मग मोकळं कर. दहा मिनिटांचं काम आहे." त्यांना वाईट म्हणणार नाही, सत्तावीस वर्षं ते हेच करत आलेत. पण दहा मिनिटांचं काम म्हणूनच 21:42 चं 11:10 होतं.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी आरोप वाचून विचारलं, "तप्पु ओप्पिकोळ्ळुत्तीरा?" पोरगा माझ्याकडे बघू लागला. मी उभी राहून मराठीत विचारलं, "गुन्हा कबूल आहे काय?" तो म्हणाला, "होय." मग मी ते कन्नडमध्ये सांगितलं. वेळेतला फरक मी तोंडी कानावर घातला. न्यायाधीशांनी चिठ्ठी हातात घेऊन पाहिली आणि विचारलं, लेखी अर्ज देणार का? लेखी दिला असता तर ठाण्याकडून म्हणणं मागवलं गेलं असतं, पुढची तारीख पडली असती, गाडी ठाण्यातच राहिली असती, आणि मालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला असता. मी पोराकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. मी म्हटलं, नाही.

दहा हजार दंड झाला. बापाच्या खिशात तीनशे चाळीस रुपये होते. मी मुदत मागायला उठणार तेवढ्यात गाडीचा मालक आला, त्यानं पैसे भरले आणि व्हरांड्यातच बापाला ऐकवलं की हे रोजातनं कापून घेणार. पावती घेऊन तिघंही गेले.

तेव्हापासून तो 'नाही' माझ्या मनातून जात नाही. अशिलाचं ऐकणं हे माझं काम आहे आणि मी त्याचं ऐकलं. तरी ते तीन कागद लेखी स्वरूपात त्या कोर्टाच्या दफ्तरात असायला हवे होते असं वाटत राहतं, पुढच्या कुणासाठी. आणि पुढच्या कुणासाठी म्हणून याच्या रोजगारावर गदा आणायचा मला काय अधिकार होता, हेही तितकंच वाटतं. झेरॉक्स अजून माझ्या फायलीत आहे.

एजंटाविरुद्ध तक्रार लिहून देते म्हटलं तर बाप घाबरला. "नको ओ बाई, गावाकडे येऊन त्रास देतील."

एप्रिलात बाप पुन्हा आला, एकटाच, पिशवीत दुमडलेला लखोटा घेऊन. आरटीओची नोटीस होती, लायसन्स का निलंबित करू नये याचा खुलासा मागणारी. सगळी कन्नडमध्ये. येऊन अकरा दिवस झाले होते, पोस्टमननं सही घेऊन दिली होती, घरात कुणाला वाचता आली नव्हती.

"एजंटाकडे नाही गेलो ओ," तो म्हणाला. "तुम्ही वाचून दाखवा आधी."

मी समोरची खुर्ची ओढून त्याला बसवलं आणि पहिल्या ओळीपासून मराठीत वाचायला लागले.