फिजीची पपई न्यूझीलंडला पाठवताना: उष्ण हवेच्या प्रक्रियेचा अनुभव

फिजीहून न्यूझीलंडला पपई पाठवायची तर सगळं अडतं फळमाशीपाशी. माशी सालीखाली अंडी घालते, अळी गर खात वाढते आणि बाहेरून फळ निरोगी दिसतं. पूर्वी एथिलीन डायब्रोमाइडची धुरी दिली की भागत असे. अमेरिकेने १९८४ मध्ये त्यावर बंदी घातली, पुढे इतरांनीही ते थांबवलं आणि प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटांची ताज्या फळांची वाट बंद व्हायला आली. आज फिजीतल्या नांदी शहरात नेचर्स वे ही शेतकरी आणि निर्यातदारांची सहकारी संस्था पपई, वांगी, आंबा आणि विलायती फणस यांच्यावर उष्ण हवेची प्रक्रिया करते, म्हणजे गरम हवेने फळ गाभ्यापर्यंत तापवून आतली अंडी-अळ्या मारते. या कामात आम्हाला जे उमगलं, ते अशी सोय उभारणाऱ्यांसाठी लिहितो आहोत.

सुरुवात यंत्रापासून करू नका. आधी आपल्या बेटावर कोणत्या माश्या आहेत ते सिद्ध करावं लागतं. फिजीत पपईसाठी मुख्य दोन: बॅक्ट्रोसेरा पॅसिफ्लोरी आणि बॅक्ट्रोसेरा झँथोडिस. पहिलीचे नर क्यू-ल्युअरकडे येतात, दुसरीचे मिथाइल युजेनॉलकडे, म्हणून दोन्ही गंधांचे सापळे हवेत. कोकणात आंब्याच्या बागेत दापोलीचा ‘रक्षक’ सापळा लावणाऱ्यांना तत्त्व ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की इथे सापळ्याचं काम माशी कमी करण्याचं नसून नोंद ठेवण्याचं आहे. बंदर, विमानतळ आणि बाजाराभोवतीचे सापळे ठरल्या दिवशी तपासले गेले नाहीत, तर नवी माशी बेटावर शिरल्याचं उशिरा कळतं आणि तोवर आयातदार देशाचा विश्वास गेलेला असतो.

मग प्रयोग. उष्णतेला सर्वांत चिवट कोण, अंडं की अळी, आणि कोणत्या जातीची, हे आधी ठरवायचं. त्या अवस्थेतले साधारण ३०,००० कीटक मारून एकही जिवंत राहिला नाही, तर ९५ टक्के खात्रीने ९९.९९ टक्के मृत्युदर म्हणता येतो. एवढे कीटक पैदा करायला प्रयोगशाळेत माश्यांची वसाहत वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. एकट्या छोट्या देशाला हे झेपत नाही. म्हणून हे काम अनेक बेटांनी मिळून करणंच शहाणपणाचं.

पपईसाठीची अट ऐकायला सोपी आहे: फळाच्या गाभ्याचं तापमान ४७.२ अंश सेल्सिअस, आणि तिथे २० मिनिटं. वाशीच्या बाष्पप्रक्रियेत जपानला जाणाऱ्या आंब्यासाठी ४७.५ अंश आणि २० मिनिटं लागतात, म्हणजे आकडे जवळचेच. पण तिथे हवा वाफेने संपृक्त असते. इथे आर्द्रता इतकीच ठेवतात की सालीवर पाणी धरू नये. साल ओली झाली की ती भाजते.

बिघाड बहुतेक वेळा उष्ण हवेच्या कक्षात फळ भरण्याआधीच होऊन बसलेला असतो. पूर्ण हिरवी पपई तोडली तर उष्णतेनंतर ती नीट पिकत नाही, गरात कडक गाठी राहतात, कारण गर मऊ करणारी विकरं (एन्झाइम) उष्णतेने बिघडतात. म्हणून रंग फुटू लागल्यावरच तोडणी करावी. फळं आकाराप्रमाणे वेगळी करणं तितकंच महत्त्वाचं. गाभा तापायला लागणारा वेळ सर्वांत मोठं फळ ठरवतं. त्याच क्रेटमध्ये लहान फळं असतील तर ती तेवढा वेळ अकारण शिजत राहतात.

सेन्सर सर्वांत मोठ्या फळांत आणि कक्षातल्या सर्वांत थंड जागी लावायचे. टोक फळाच्या मध्यापर्यंत गेलं पाहिजे. तिरकं जाऊन सालीजवळ राहिलं, तर तापमान खऱ्यापेक्षा जास्त दिसतं आणि अळी जिवंत सुटते. कॅलिब्रेशन बर्फाच्या पाण्यात शून्य अंशाला आणि पुन्हा प्रक्रियेच्या तापमानाजवळ, प्रमाणित थर्मामीटरशी ताडून करावं. ०.३ अंशांहून जास्त फरक दाखवणारा सेन्सर बाजूला काढावा. वीज गेली आणि एकाही सेन्सरचं वाचन ४७.२ खाली उतरलं, तर २० मिनिटं पुन्हा शून्यापासून मोजायची. त्यामुळे जनरेटर हा यंत्राचाच भाग समजा. आमचं स्पष्ट मत आहे की यंत्रासाठी मदत मिळवणं त्यामानाने सोपं असतं. खरी ओढाताण सुटे भाग, कॅलिब्रेशन आणि प्रशिक्षित माणसांच्या पगारासाठी होते, म्हणून करारातच त्यांची तरतूद करून घ्या.

प्रक्रियेनंतर फळ पाण्याने लगेच थंड करतात आणि थेट माशीबंद खोलीत नेतात. जाळीची छिद्रं १.६ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत, दारं दुहेरी हवीत. प्रक्रिया झालेलं आणि न झालेलं फळ एकाच वाटेने कधीही जाऊ नये.

तपासणीसाठी ६०० फळांचा नमुना घ्यायची पद्धत आहे: मालात ०.५ टक्के फळं बाधित असतील, तर ९५ टक्के शक्यतेने निदान एक हाती लागतं. पुढे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे माल कीड-रोगांच्या अटी पाळतो असा सरकारी दाखला. त्यावर तापमान, वेळ, वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि खोक्यांची संख्या अचूक लागते. खोकी आणि कागद यांत एकाचाही फरक पडला, तर ऑकलंडला माल अडकू शकतो आणि पपई थांबत नाही.

तिकडे जिवंत अळी सापडली तर खेप नष्ट होऊ शकते, आणि कारण सापडेपर्यंत त्या मार्गाने पुढचा मालही थांबवला जाऊ शकतो. अशा वेळी बॅच क्रमांकावरून चार गोष्टी त्याच दिवशी बाहेर काढता आल्या पाहिजेत: तापमानाचा आलेख, सेन्सरची तपासणीनोंद, पॅकिंग खोलीची नोंदवही आणि फळ कोणत्या शेतातून आलं त्याचं नाव. सिंगाटोका खोऱ्यातला शेतकरी असो की दुसरीकडचा, क्रेटवरची त्याची चिठ्ठी तोडणीपासूनच लावलेली असावी.