कमी कटकटीची, रोपांची छोटी टाकी: माझा अनुभव

घरात पाणवनस्पती आणि थोडे मासे असलेली काचेची टाकी करायचं ठरलं तेव्हाच एक अट घातली होती. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नको, प्रखर दिवे नकोत, आठवडाभर मोजून घालायच्या खतांच्या बाटल्या नकोत. या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. प्रकाश वाढवला की रोपं जास्त कार्बन मागतात, कार्बन दिला की खत मागतात, आणि यातलं काही कमी पडलं की उरलेल्या प्रकाशावर शेवाळ माजतं. म्हणून दिवाच मुळात मंद घेतला, टायमरला जोडला आणि रोज सहा तासांवर ठेवला. टाकी खिडकीपासून लांब ठेवली. थेट ऊन पडणाऱ्या टाकीत शेवाळाशी झगडण्यातच वेळ जातो.

आकार 45 × 30 × 30 सेंटिमीटर, म्हणजे काठोकाठ भरली तर चाळीस लिटर. याहून लहान टाकी सोपी असेल असं वाटतं, पण पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. चिमूटभर जास्त खाणंही त्याला झेपत नाही. पाणी, काच आणि खडी मिळून वजन पन्नास किलोच्या आसपास जातं, त्यामुळे मेज भक्कम आणि सपाट आहे ना हे आधी पाहिलं. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवला. तो खाली असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात उतरू शकतं. फिल्टर साधा स्पंजचा. त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं.

तळाला बारीक खडी, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलेली. त्याआधी मूठभर खडीवर व्हिनेगर टाकून पाहिलं. बुडबुडे आले असते तर खडीत चुना आहे, तो हळूहळू विरघळून पाणी जड करणार, असं समजायचं. बुडबुडे आले नाहीत.

रोपं निवडायला मी सगळ्यात जास्त वेळ दिला, आणि तो द्यावाच. अनुबियास आणि जावा फर्न ही मंद प्रकाशात तग धरणारी, सावकाश वाढणारी. दोन्हींचं आडवं, जाडसर खोड खडीत पुरायचं नसतं. पुरलं की सडतं. ती मी लाकडाच्या तुकड्याला दोऱ्याने बांधली. काही आठवड्यांत मुळांनीच लाकूड धरलं, मग दोरा काढून टाकला. खडीत लावली क्रिप्टोकोरीन आणि मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया. यांची भूक मुळांतून, म्हणून प्रत्येक झुडपाखाली खताची एकेक गोळी दाबली. पृष्ठभागावर साल्व्हिनिया सोडली. तरंगणाऱ्या रोपांना कार्बन हवेतून मिळतो, त्यामुळे ती झपाट्याने वाढतात आणि वाढताना पाण्यातला अमोनिया शोषून घेतात. कमी देखभालीच्या टाकीत एकच रोप लावायचं झालं तर मी तरंगणारंच लावीन. आणि सगळी रोपं पहिल्याच दिवशी, दाटीवाटीने लावावीत. चार काड्या लावून बाकीची नंतर आणू म्हटलं की मधल्या काळात ती जागा शेवाळ घेतं.

पहिल्या काही दिवसांत क्रिप्टोकोरीनची पानं काचेसारखी पारदर्शक झाली आणि बोट लावलं की विरघळू लागली. दिसतं भयंकर. पण विकायला येणारी बरीच रोपं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात; पाण्यात गेल्यावर ती जुनी पानं सोडून नवी काढतात. अशा वेळी रोप उपटायचं नाही. सडकी पानं बुडाशी कापून काढली, मुळांना हात लावला नाही, आणि थांबले. गड्ड्याच्या मधोमध आधी एक तांबूस टोक दिसलं, मग त्याची गुंडाळी उलगडून अरुंद, कडेला नागमोडी असं पान झालं. ही पानं पाण्यातच जन्मलेली, त्यामुळे ती टिकली.

आता थांबण्याबद्दल. सगळं लागलं, फिल्टर सुरू झाला आणि आत एकही मासा नाही, अशी टाकी घरातल्यांना समजावून सांगणं अवघड जातं. पण सगळी सोय याच काळात होत असते. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो, तो माशांना विषारी. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते बरंच सौम्य आणि रोपांचं खत. हे जिवाणू पाण्यात कमी आणि स्पंजवर, खडीवर, पानांवर जास्त राहतात, आणि त्यांची वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना खायला म्हणून मी माशांचं खाणं चिमूटभर टाकत राहिले आणि टेस्ट किटने पाणी तपासत राहिले. माझ्या किटमध्ये अमोनिया असला की नळीतलं पिवळं पाणी हिरवट होतं, नायट्राइट असलं की निळं पाणी जांभळं होतं. आधी हिरवट छटा आली आणि ओसरली, मग जांभळा रंग आला आणि हटेचना. शेवटी एकदा नळी पांढऱ्या कागदासमोर धरली तर निळी ती निळीच राहिली. तेव्हा कुठे माशांचा विचार सुरू केला.

त्याआधी गोगलगायी आल्या. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने 1850 मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे असाच प्रयोग मांडला होता: दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया. कुजणाऱ्या पानांनी त्याचं पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या आणि टाकी निवळली. माझ्याकडेही पहिल्या आठवड्यांत काचेवर तपकिरी थर धरला होता. नव्या टाकीत तो हमखास येतो. बराचसा गोगलगायींनीच साफ केला.

मासे म्हणून एम्बर टेट्रांचा एक छोटा थवा आणला. प्रौढ मासा जेमतेम दोन सेंटिमीटरचा. खोलीत पाणी 24 ते 27 अंशांत राहतं, त्यामुळे हीटर लागला नाही. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली, मग त्यात टाकीचं पाणी थोडं थोडं घालत गेले आणि शेवटी फक्त मासे जाळीने उचलून सोडले. पिशवीतलं पाणी टाकीत ओतलं नाही. टाकी मुरल्यावर चेरी श्रिंप, म्हणजे छोटे लाल झिंगे, आणले. त्यांना तांबं सोसत नाही, म्हणून माशांचं कुठलंही औषध घालण्याआधी त्यात काय आहे ते वाचते.

आता काम उरलंय ते एवढंच. एक दिवसाआड चिमूटभर खाणं, अधूनमधून काच पुसणं, आणि पंधरा दिवसांनी एक बादली पाणी बदलणं. नव्या पाण्यात क्लोरिन काढणारं औषध घालते. नुसतं रात्रभर ठेवून क्लोरिन उडून जातो, पण काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरिनऐवजी घालतात ते क्लोरामाइन उडत नाही. स्पंज नळाखाली कधी धुत नाही. काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळते, म्हणजे जिवाणू टिकतात.

सगळ्यात जास्त वाढते ती साल्व्हिनिया. निम्मा पृष्ठभाग मोकळा राहील इतकी काढावीच लागते, नाहीतर खालच्या रोपांना प्रकाश मिळत नाही. काढलेली उन्हात पूर्ण वाळवून कुंडीच्या मातीत मिसळते. ओढ्यात किंवा तळ्यात ती कधीही टाकू नये. तिच्या काही जाती अख्खं तळं झाकून टाकतात आणि खालच्या पाण्यातला प्राणवायू संपवतात.