अणू आहे हे ठरवलं कुणी?

"ओ मॅडम, अणू दिसतच नाय तर तो आहे म्हणून कसं ठरवलं?" जुळे सोलापुरात मी आठवी ते दहावीच्या सायन्सची शिकवणी घेते आणि दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच, आणि मला हा प्रश्न लय आवडतो. पोरांना डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर ओळीनं पाठ असतात, आकृत्यापण सुंदर काढतात, पण पुरावा काय होता ते विचारलं की सगळे गप्प.

कणाद बोलले होते, ग्रीसमध्ये डेमोक्रिटस बोलला होता, पण तो विचार होता, मोठा विचार, तरी मोजमाप नव्हतं. डाल्टननी १८०८ च्या पुस्तकात वजनांवरून मांडलं की मूलद्रव्यं ठरावीक प्रमाणातच जुळतात म्हणजे मुळात अणू असणार. तरीसुद्धा पुढं जवळजवळ शंभर वर्षं भौतिकशास्त्रज्ञ माख, रसायनशास्त्रज्ञ ऑस्टवाल्ड यांच्यासारखी मोठी माणसं म्हणत होती की अणू ही हिशोबाची सोय आहे, खरी वस्तू नाही. १८९७ मध्ये थॉमसनना इलेक्ट्रॉन सापडला, म्हणजे अणूचा तुकडा मिळाला तरी अणूबद्दलचा वाद चालूच! भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमान आयुष्यभर अणूच्या बाजूनं भांडले आणि १९०६ मध्ये गेले, आणि दोनच वर्षांनी पॅरिसमध्ये पेराँनी अणू खरे असल्याचा पुरावा दिला, हे वाचलं की मला अजून वाईट वाटतं.

हे जाँ पेराँ आमच्या पोरांना माहीतच नसतात. त्यांनी गँबोज नावाचा पिवळा डिंक घेतला, चित्रकार रंगासाठी वापरायचे तो, आणि महिनोन्महिने सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवून त्याचे एकसारख्या आकाराचे बारीक कण वेगळे काढले. ते पाण्यात सोडले आणि मायक्रोस्कोपखाली कुठल्या उंचीवर किती कण आहेत ते मोजत बसले. कण पाण्यापेक्षा जड, सगळे तळाला बसायला पाहिजेत ना? पण बसत नाहीत, कारण पाण्याचे रेणू चारी बाजूंनी धडका देत असतात, म्हणून खाली दाट आणि वर विरळ असे पसरतात. त्या प्रमाणावरून ॲव्होगाड्रोचा आकडा, म्हणजे एका मोलमध्ये किती रेणू असतात तो, निघाला, आणि अशा धडकांनी कण किती भरकटतील याचं आइनस्टाइननी १९०५ मध्ये जे गणित मांडलं होतं तेपण जुळलं. मग ऑस्टवाल्डनी जाहीरपणे मान्य केलं की हो, अणू आहेत. चुकलं की मान्य करणं, हेपण सायन्सच की.

आणि त्याच सुमारास, १९०९ ला, मँचेस्टरमध्ये गायगर आणि वीस वर्षांचा मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळला की चमकणारे बारीक ठिपके डोळ्यांनी मोजत होते. धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धनभाराचे कण, सोडले तर साधारण ८००० मधला एखादा सरळ मागं येत होता. रदरफोर्डना हे पचेना, दोन वर्षं विचार करून १९११ मध्ये त्यांनी सांगितलं की अणूचं जवळपास सगळं वस्तुमान मधल्या एवढ्याशा केंद्रकात आहे. केवढंसं? सोन्याचा अणू आपल्या सोलापूरच्या पार्क स्टेडियमएवढा धरला तर केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं! धनभार अख्ख्या अणूभर पसरलाय असं थॉमसनचं मॉडेल होतं, ते थॉमसनच्याच विद्यार्थ्यानं, रदरफोर्डनी, मोडलं.

पुढचं तुम्हाला माहितीये, १९१३ ला बोरच्या इलेक्ट्रॉनच्या कक्षा, १९२६ ला श्रोडिंजरचं समीकरण आणि त्या कक्षांचीपण सुट्टी, १९३२ ला चॅडविकना न्यूट्रॉन.

माझं म्हणणं एवढंच, अणूची आकृती काढायच्या आधी पोरांना रेणूंची धडक दाखवा. दुधाचा थेंब भरपूर पाण्यात पातळ करायचा, काचपट्टीवर एक थेंब घेऊन वर कव्हरस्लिप ठेवायची, शाळेच्या मायक्रोस्कोपला ४०० पट करून पाणी स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग मोठ्या गोळ्यांकडं लक्ष देऊ नका, सगळ्यात बारीक चरबीच्या कणांकडं बघा, पाण्याच्या रेणूंच्या धडकांनी ते जागच्या जागी थरथरत असतात आणि थांबतच नाहीत.