लावताना वर कोण बघतं, सर?

जुलैतला गुरुवार. पत्र्यावर पावसाचा आवाज एवढा, की आठवीच्या वर्गात विषय ओरडून सांगावा लागला. 'शेतात भातलावणी.' सप्टेंबरच्या एलिमेंट्रीसाठी, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षेसाठी, स्मरणचित्राचा सराव चालला होता. आमची शाळा डहाणू तालुक्यातली, वर्गातली बहुतेक मुलं वारली जमातीची. त्या आठवड्यात निम्मी तरी घरची लावणी अर्धी टाकून आलेली. म्हटलं, यांना यापेक्षा सोपा विषय कुठला?

तासाभरानं बाकांमधून फिरलो आणि थबकलो. कागद तीस, चित्र एकच. मागं दोन डोंगर, त्यांच्या मधोमध उगवता सूर्य, उजवीकडं झोपडी आणि नारळ, बांधावर फेटेवाला शेतकरी, पुढं तीन बायका वाकलेल्या. आमच्या व्हरांड्यातून महालक्ष्मी डोंगराचा सुळका रोज दिसतो. एकटा, उभा. तो एकाही कागदावर नव्हता. भर पावसातल्या लावणीत सूर्य मात्र सगळ्यांकडं होता. हे चित्र बाजारातल्या सरावपुस्तकातलं, आणि मागच्या वर्षी ते फळ्यावर काढून दिलं होतं मीच.

एका मुलीचा कागद तेवढा वेगळा निघाला. आभाळ नाही, डोंगर नाही. अख्खा कागद करड्या-तपकिरी रंगानं भरलेला. वरच्या अंगाला रोपांच्या हिरव्या ओळी, खाली घोट्यापर्यंत चिखलात गेलेले दोन पाय आणि पायांच्या मधल्या पाण्यात ढगाचा तुकडा. डाव्या कडेला कुणाचा तरी नुसता हात, मनगटापर्यंत, रोप दाबणारा. त्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली. मी पेन्सिल घेतली, करंगळीभोवती गोल केला आणि म्हणालो, "बोटाचं प्रमाण चुकलंय. आणि क्षितिजरेषा कुठंय?"

ती कागदाकडं बघतच म्हणाली, "लावताना वर कोण बघतं, सर? वर बघितलं की ओळ वाकडी होते."

मला उत्तर सुचलं नाही. वीस वर्षं हा विषय शिकवतोय, आणि मी कधी लावणी केलेली नव्हती.

वर्ग शेतात न्यायला मुख्याध्यापकांनी आधी आढेवेढे घेतले, मग दोन तासिका दिल्या. शाळेच्या मागंच एका विद्यार्थ्याचं आवण, म्हणजे भाताचं खाचर आहे. तिथं त्याची आजी आणि दोन बायका लावत होत्या. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरलो. आजीनं हातात रोपांची मूठ दिली, तीन-तीन काड्या कशा सोडवायच्या ते दाखवलं. मी पहिली ओळ लावून पुढं पाऊल टाकलं, तशी ती ओरडली, "मागं मागं या सर, पुढं नाय!" लावणी उलट्या पावलांनी करतात, हे मला पन्नाशीत कळलं. लावलेलं समोर राहतं, मोकळा चिखल पाठीमागं. पाठीवर पाऊस, डोळ्यांसमोर आपलीच बोटं. दहा मिनिटांत कंबर धरली, पण त्या दहा मिनिटांत मला क्षितिज एकदाही दिसलं नाही. आभाळ दिसलं ते खाली, माझ्या दोन पायांच्या मधे. तिनं काढलं होतं तिथंच.

वर्गात परतल्यावर प्रत्येकाला दुसरा कागद दिला आणि एवढंच सांगितलं, "तुम्ही असता तिथून काढा." मुठी टाकण्याचं काम करणाऱ्या मुलानं बांधावरून दिसणाऱ्या नुसत्या पाठी काढल्या. एकानं बांधातलं खेकड्याचं बीळ काढलं, अर्ध्या कागदाएवढं. धाकट्या भावाला सांभाळत कडेला बसणाऱ्या मुलीनं इरल्याच्या आतून दिसणारा पाऊस काढला. तीस कागद, तीस जागा.

ए.टी.डी.ला, म्हणजे कलाशिक्षक पदविकेला, आम्हाला यथार्थदर्शन शिकवलं. दृष्टिपातळी, लयबिंदू, जवळचं मोठं, लांबचं लहान. ते मला आजही प्रिय आहे आणि मी ते शिकवत राहणार. पण त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, की त्या सराव-चित्रातली लावणी बघतंय कोण? लांब, उभा, निवांत असलेला माणूस. म्हणजे लावणी न करणारा. आमची मुलं स्वतःच्याच शेताकडं त्या परक्या माणसाच्या डोळ्यांनी बघायला शिकत होती, आणि त्याला आम्ही 'स्मरणचित्र' म्हणत होतो.

यांच्या घरी लग्नात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक म्हणजे चौकोनी चित्र लिहितात, त्यात लग्नाची देवी पालघाट असते. त्या भिंतीवर क्षितिजरेषा शोधून सापडत नाही. याच तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आणि अशा घरातलं मूल शाळेत आलं की पुसून पुसून दोन डोंगर काढतं. कोसबाडची टेकडीही याच तालुक्यातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली. ही गोष्ट मी दर वर्षी भाषणात सांगायचो. आवणात उतरायला मात्र मला एका मुलीनं टोकावं लागलं.

तास संपताना तिनंच विचारलं, "परीक्षेत कुठलं काढू?" प्रश्न साधा नव्हता. एलिमेंट्री झाल्याशिवाय इंटरमिजिएट या पुढच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला ३, ५ नाहीतर ७ वाढीव गुण मिळतात. ज्यांच्या घरी शिकवणीचे पैसे नाहीत त्यांना त्या गुणांची किंमत विचारावी. तिथं मी तिला काहीच सांगू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी म्हणालो, "क्षितिजरेषा मी तुला नीट शिकवतो. ती लावायची की नाही, ते तुझं तू ठरव."

ऑगस्टच्या पालकसभेला तिची आई आली. मी तो पहिला कागद पुढं ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून बराच वेळ पाहिला, मग माझ्या पेन्सिलच्या गोलावर बोट ठेवलं.

"हा माझा हात. इळा लागला व्हता ना, तवापासून करंगळी अशीच."

आणि तिनं तो हात कागदाशेजारी टेबलावर ठेवला.