कुंचल्याची ओढ, सुरीची धार

टोकियोच्या सुमिदा भागात चित्रकार कात्सुशिका होकुसाई (1760-1849) जन्मला आणि त्याच भागात, र्‍योगोकु येथे, 2016 साली त्याच्या नावाचे संग्रहालय उघडले. वास्तुकार काझुयो सेजिमा यांची ही अ‍ॅल्युमिनियमने मढवलेली इमारत मला काहीशी कोरडी वाटली. आत मात्र म्हाताऱ्या होकुसाईच्या बिऱ्हाडाचा हुबेहूब देखावा आहे: अंगावर रजई ओढून तो जमिनीवर ओणवा होऊन चित्र काढतो आहे आणि जवळच त्याची मुलगी ओई, जी स्वतःही चित्रकार होती, बसलेली आहे.

1831 च्या सुमारास छापलेले होकुसाईचे महालाटेचे चित्र कोणाला ठाऊक नसते? पण त्याच्या डाव्या कोपऱ्यातल्या अक्षरांकडे, म्हणजे चौकटीतल्या शीर्षकाकडे आणि शेजारच्या सहीकडे, मी इथेच प्रथम निरखून पाहिले. कुंचला दाबला की जाड आणि उचलला की निमुळती होणारी ती अक्षरे हाताने लिहिल्यासारखी दिसतात; प्रत्यक्षात ती चेरीच्या लाकडात कोरून छापलेली आहेत.

हे कसे साधते, ते टोकियोतच मेजिरोजवळ, अशी लाकडी ठशांची चित्रे आजही छापणाऱ्या अदाची संस्थेत उमगले. चित्रकाराचा पातळ कागद फळीवर उलटा चिकटवतात आणि कागदासकट कोरतात, त्यामुळे मूळ रेखाटन त्या कामातच नाहीसे होते. कुंचल्याच्या एका ओढीसाठी सुरी रेषेच्या दोन्ही कडांनी फिरवावी लागते. लिहिणाऱ्याने क्षणात उमटवलेला फराटा कोरणारा सावकाश, लाकडाच्या रेषा सांभाळत उभा करतो. मग छापणारा फळीवर रंग आणि तांदळाची खळ कुंचल्याने पसरतो, ओलसर कागद कोपऱ्यातल्या खाचेला भिडवतो आणि बांबूच्या सोपटात गुंडाळलेल्या ‘बारेन’ नावाच्या चकतीने मागून घासतो. प्रत्येक रंगासाठी हे नव्याने करायचे, आणि एवढे सारे सोबा नावाच्या जपानी शेवयांच्या एक-दोन वाडग्यांच्या किमतीत विकले जाई!

टोकियोतल्याच उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात सुलेखनाचे पट आणि ही मुद्राचित्रे एकाच मजल्यावर पाहता येतात. पटावर एकदा उमटलेली रेघ पुन्हा गिरवत नाहीत, तिथे सारे श्रेय एका हाताचे. चित्रांवर सही चित्रकाराची, बहुधा मोहर प्रकाशकाची; कोरणाऱ्याचे नाव क्वचितच. हे मला अन्यायाचे वाटते. होकुसाई स्वतः मात्र कोरणाऱ्यांची पारख ठेवून होता: एगावा तोमेकिची याच्याकडूनच काम करून घ्यावे, असा आग्रह त्याने प्रकाशकाला पत्रातून धरला होता, कारण बाकीचे कारागीर त्याच्या माणसांची नाके आपल्याच वळणाने कोरत.