तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅम्प पेटलाय, मग आवाज कुठाय?

दारात चपला काढता काढता प्रत्येकजण हेच विचारतो. गिटारच्या अ‍ॅम्पमधल्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, लालभडक, हात गिटारवर आणि खोलीत चिडीचूप. हेडफोन कानाला लावून दिला की पुढचा प्रश्न ठरलेला: "मोबाइलमध्ये असाच आवाज काढणारं अ‍ॅप मिळतंय की, हे ओझं कशाला?"

एकदाच सांगतो.

आमचं घर वडगावात, भिंतीला भिंत. पलीकडच्या गल्लीत यंत्रमाग चालतात. त्या खटखटीबद्दल कुणी ब्र काढत नाही, ती पोटाची खटखट. माझी हौसेची. अ‍ॅम्प पंधरा वॅटचा म्हणजे किरकोळ, असं न वाजवणाऱ्यांना वाटतं. वॅट निम्मे केले तरी आवाज उतरतो तीनच डेसिबलनं, आणि मला हवा तो खरबरीत गोडवा व्हॉल्व्हवर जोर पडल्याशिवाय येत नाही. शेजारच्या मावशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ह्यांची रात्रपाळी असती रे." भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी डोकं चालवलं. स्पीकरची वायरच उपटली. मागच्या लाइन-आउटमधून, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीच्या जॅकमधून, सिग्नल थेट इंटरफेसला, म्हणजे कॉम्प्युटरला आवाज पोचवणाऱ्या डबीला घेतला, आवाज चढवला आणि वाजवत सुटलो. बाहेर पावसाची झड, लाइट दोनदा जाऊन आलेली. खोलीत फक्त तारांची टकटक, आणि अ‍ॅम्पच्या पोटातून डबीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखी बारीक गुणगुण. मी जे वाजवीन तेच ती गुणगुणत होती. मी वाकून कान लावला. खूश झालो, खोटं कशाला सांगू! मग एका व्हॉल्व्हच्या बुडाशी निळी ठिणगी, चट् असा आवाज, जळक्या व्हार्निशचा वास, आणि फ्यूज.

शहापुरातल्या रेडिओवाल्या काकांनी झाकण उघडलं, वास घेतला. माझ्याकडे न बघताच विचारलं, "स्पीकर काढून वाजवलास न्हवं?"

"हो काका."

"व्हॉल्व्हवाल्याला स्पीकरचं ओझं लागतंय बाबा. ओझं काढलं की ट्रान्सफॉर्मरात व्होल्टेज उसळतंय, इन्सुलेशन फोडून बाहेर येतंय."

तुम्ही म्हणाल, माहीत नव्हतं. माहीत होतं. अ‍ॅम्पबरोबरच्या पुस्तिकेत ठळक छापलेलं मी वाचलं होतं. लाइन-आउट जोडलंय म्हणजे चालतं, हा शोध माझा स्वतःचा. तेव्हाच्या मला आज विचारलं तर तो म्हणेल, मावशींसाठी केलं. थोडं त्यांच्यासाठी, बाकी आळस. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळून मिळेपर्यंत दोन महिने गेले.

आता स्पीकरच्या जागी लोड बॉक्स आहे, म्हणजे आवाज न करता स्पीकरचं ओझं देणारी पेटी. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप; आठ ओहमच्या जॅकला आठ ओहमचाच. नुसता रेझिस्टर, म्हणजे सगळ्या सुरांना एकसारखा अडथळा, जोडला तरी अ‍ॅम्प वाचतो, पण हाताखाली मेल्यासारखा लागतो. खरा स्पीकर सगळ्या सुरांना आठ ओहम दाखवत नाही. खाली शंभर हर्ट्‌झच्या आसपास त्याचा अडथळा एकदम चढतो, वरच्या सुरांना पुन्हा वाढत जातो. बॉक्समधली कॉइल आणि कपॅसिटर तेच सोंग वठवतात. शेवटी कॉम्प्युटरात कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, आणि माइक यांचा डिजिटल ठसा लावायचा. तो घेतलाय कुठल्यातरी परदेशी स्टुडिओत. म्हणजे माझी गिटार वडगावात वाजते आणि ऐकू येते मी कधी न पाहिलेल्या खोलीत. हे मला अजून पचलेलं नाही.

आणि हो, एका मित्रानं एकदा दोन तुकडे ऐकवले, एक माझ्या अ‍ॅम्पचा, एक अ‍ॅपचा. मी अ‍ॅपच्या तुकड्याला माझा म्हणालो. तो अजून हसतो. ऐकणाऱ्याला फरक नसेल, वाजवणाऱ्याच्या बोटांना असतो, असं मी त्याला ठणकावलं. घरी येताना मलाच ती पळवाट वाटली. तरी अ‍ॅम्प विकला नाही.

शिवाय चिडीचूप म्हणता, तशी ती नसतेच. लोड बॉक्स लावलेला असतानाही ट्रान्सफॉर्मर थोडा गातो. त्यात काही बिघाड नाही, काकांनीच सांगितलंय. पण रात्री ती बारीक गुणगुण कानावर आली की माझा हात अजून स्विचकडे जातो.