अहो, आत्ता आपण कुठल्या देशात आहोत?

हॉलंडमध्ये सायकलवर भटकायचं तर गावांची नावं पाठ नसली तरी चालतं, आकडे पाठ पाहिजेत. जिथे जिथे वाटा फुटतात तिथे खांबावर एक नंबर असतो आणि पुढच्या नंबरांकडे बोट दाखवणारे बाण. घरून निघताना आपल्या वाटेवरचे नंबर ओळीने लिहायचे, कागद हँडलला चिकटवायचा आणि निघायचं. ही युक्ती मुळात शेजारच्या बेल्जियमची. तिथल्या लिम्बर्ग भागात कोळशाच्या खाणी होत्या. ह्यूगो बोलेन हा त्या खाणींमधला इंजिनिअर. जमिनीखाली बोगद्यांच्या फाट्यांना नंबर असायचे, तेच वर सायकलच्या वाटांना दिले तर, असं त्याच्या डोक्यात आलं. खाणी बंद पडल्या आणि १९९५ मध्ये त्याच मुलखात त्याचे नंबर उन्हात आले. पुढे डचांनीही ते उचलले. आता तुम्ही नंबर बघत बघत एका देशातून दुसऱ्या देशात कधी जाता ते कळतही नाही.

आणि नेमकं हेच आमच्या ह्यांना मान्य नव्हतं.

हे विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेत. व्हिसासाठी ह्यांनी महिनाभर जी फाइल बनवली तिला खूणचिठ्ठ्या लावल्या होत्या. बँकेचा खातेउतारा, आयकराचे कागद, विमा, लेकीचं निमंत्रणपत्र, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स. मुंबईत ती फाइल खिडकीतल्या मुलीने पाच मिनिटांत चाळली, हे ह्यांना लागलेलंच होतं. लेक हॉलंडमधल्या टिलबर्गला असते. तिथून बेल्जियमची सीमा सायकलच्या टप्प्यात आहे म्हटल्यावर ह्यांनी फाइल पाठपिशवीत टाकली. लेक म्हणाली, "बाबा, कुणी विचारत नाही हो." हे म्हणाले, "आणि विचारलं तर?"

सायकली लेकीच्या आणि जावयाच्या. डच सायकलींना बऱ्याचदा हाताचा ब्रेक नसतो. पेडल उलटं दाबलं की गाडी थांबते. पुण्यात सगळं कॉलेज सायकलवर केलेली मी. उतार आला की पेडल जरा मागे फिरवायची सवय पायांत मुरलेली. पहिल्या चौकात उगीच पाय मागे नेला आणि सायकल जागच्या जागी रुतली. मागून ह्यांचा आवाज, "हात दाखव थांबताना!" पुण्यात आमच्या वेळी दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की पोलीस पकडायचे. त्या पोलिसांचा आत्मा अधूनमधून ह्यांच्यात शिरतो.

टिलबर्गहून दक्षिणेला जाणारी वाट म्हणजे जुनी रेल्वेलाइन. १८६७ मध्ये इथून बेल्जियममधल्या टुर्नहाउटपर्यंत गाडी सुरू झाली, १९३४ मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या आणि मग कधीतरी रूळ उखडून त्यावर सायकलवाट केली. बेल्स लेइन्त्ये म्हणतात तिला, म्हणजे आपल्या भाषेत बेल्जियमची छोटी लाइन. आगगाडीला चढ सोसत नाहीत याचा फायदा दीडशे वर्षांनी आमच्या गुडघ्यांना झाला. दोन्ही बाजूंना झाडी, तिच्या पलीकडे मक्याची शेतं, आणि हवेत शेणखताचा असा दणदणीत वास की युरोपला आलोय हे विसरावं. हा ब्राबांट प्रांत म्हणजे गायी-डुकरांचा मुलूख. माझं माहेर कोल्हापूरकडचं, मला तो वास परका वाटला नाही. ह्यांनी नाकाला रुमाल लावला.

जेमतेम वीस किलोमीटरवर बार्ले. गाव दिसायला कुठल्याही डच गावासारखं: चर्च, बेकरी, कुंड्यांतली फुलं. पण फुटपाथवर पांढऱ्या फुल्यांची रांग आहे, एका बाजूला एनएल, म्हणजे नेदरलँड्स, आपलं हॉलंड; दुसऱ्या बाजूला बी, म्हणजे बेल्जियम. ती रांग सरळ जाईल तर शपथ. ती कोपऱ्यावर वळते, दुकानात घुसते, मागच्या दाराने बाहेर पडते. बेल्जियमचे २२ तुकडे डच भूमीत सांडलेले आणि त्यांच्या पोटात पुन्हा हॉलंडचे ७. एकाच गावात दोन नगरपालिका, दोन महापौर.

याचं मूळ ११९८ मधलं आहे. ब्राबांटच्या ड्यूकने ब्रेडाच्या सरदाराला जमीन दिली, पण वसलेली, सारा देणारी शिवारं स्वतःकडे ठेवली आणि पडीक रान त्याला दिलं. भावकीतल्या वाटणीचाच प्रकार; चांगल्या तुकड्यांचा सातबारा एकाच्या नावावर. राजे गेले, घराणी गेली, आणि १८३० मध्ये बेल्जियम वेगळा झाला तेव्हा ती वाटणी दोन देशांच्या गळ्यात पडली. १८४३ मध्ये सीमा आखताना बिडाचे नंबर घातलेले खांब रोवत आले. २१४ नंबरचा खांब लागला आणि पुढचा २१५ थेट गावाच्या पलीकडे. मधल्या भागात आयोगाने हात टेकले आणि नुसते जमिनीचे गट लिहून ठेवले, हा ह्याचा, तो त्याचा. शेवटच्या तुकड्याचा निकाल लागायला १९९५ उजाडलं. आपल्याकडे कूचबिहारच्या छिटमहलांचा, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांचा, असाच गुंता होता. तो भारत-बांगलादेशने २०१५ मध्ये अदलाबदल करून सोडवला. तिथली माणसं कागदाविना हाल काढत होती. इथे हाल नाहीत, म्हणून गुंता शाबूत.

घर कुठल्या देशात, ते पुढच्या दारावरून ठरतं. एका घराच्या तर दारातूनच रेघ गेलीय, त्याला दोन्ही देशांचे दोन नंबर आहेत. हे त्या दारासमोर बराच वेळ उभे होते. "मालमत्ताकर कुणाला भरतात?" मी म्हटलं, बेल वाजवून विचारा. नाही वाजवली.

पहिल्या महायुद्धात हॉलंड तटस्थ होतं आणि बेल्जियम जवळजवळ सगळं जर्मनांनी घेतलं होतं. पण गावातल्या बेल्जियन तुकड्यांत जर्मनांना पाय ठेवता येईना, कारण तिथे पोचायला तटस्थ जमीन तुडवावी लागली असती. बेल्जियममधून माणसं हॉलंडमध्ये पळून जाऊ नयेत म्हणून जर्मनांनी सीमेवर विजेचं जीवघेणं कुंपण घातलं, त्याला चिकटून माणसं मेली. अगदी अलीकडे, २०२० च्या मार्चमध्ये, इथल्या एका कपड्यांच्या दुकानाच्या मधोमध फीत लावली होती. बेल्जियममध्ये टाळेबंदी, हॉलंडमध्ये अजून नाही. म्हणजे डच बाजूच्या वस्तू घ्या, बेल्जियन बाजूच्या नुसत्या बघा.

एवढं सगळं ऐकूनही ह्यांचं समाधान होईना. यांना चौकी पाहिजे होती. शेवटी पिशवीत पाव घेऊन चाललेल्या एका आजींना ह्यांनी इंग्रजीत विचारलं, सीमा नक्की कुठे ओलांडायची? आजी ह्यांच्या हातातल्या फाइलकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "त्या बेकरीपासून इथवर तुम्ही तीनदा ओलांडलीत."

खरं तर चौकी होती, पण आता नाही. गावाच्या दक्षिणेला ऐन सीमेवर कस्टमच्या तपासणीसाठी भलंमोठं स्टेशन बांधलं होतं, ते कधीच पाडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागात लोण्याची चोरटी वाहतूक जोरात चालायची. लोणी हॉलंडमध्ये स्वस्त, बेल्जियममध्ये महाग. रात्री गाड्या भरून निघायच्या आणि पोलीस मागे लागले की रस्त्यावर लोखंडी काटे टाकायचे. हे ऐकताना ह्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. खात्यातल्या दिवसांची आठवण झाली असणार. आता बेल्जियन बाजूला पेट्रोल स्वस्त आणि फटाके मिळतात म्हणून डच गाड्यांची रांग लागते. म्हणजे करातला फरक आहे तोवर सीमा आहेच, हा ह्यांचा निष्कर्ष, आणि यावर मी वाद घातला नाही.

भूक लागली होती. बटाट्याच्या फ्राइज बेल्जियममध्येच खायच्या हे ह्यांनी टिलबर्गलाच ठरवलेलं. टपरी बेल्जियममध्ये मिळाली, कागदाचा कोन हातात आला, वर मेयोनेजचा गोळा. फ्राइज जाड होत्या, बाहेरून कडक, आत लुसलुशीत. पण बसायचा बाक फुल्यांच्या अलीकडे, हॉलंडमध्ये. मी बसले. हे तिकडेच उभे राहून, फुंकर घालत, एकेक उचलून खायला लागले.

"अहो, मला द्या की."

ह्यांनी कोन छातीशी धरला. "जकात भरावी लागेल."

"किती?"

"मालाच्या निम्मी."

मी उठले, पलीकडे गेले, हातातला कोन काढून घेतला आणि परत हॉलंडमध्ये येऊन बसले. हे फुल्यांच्या त्या बाजूला फाइल काखेत मारून, पावतीशिवाय माल कसा नेता, असं विचारत राहिले.